टँकरला चौदा मिनिटं जास्त का लागत होती? : जीपीएस घड्याळ बिघडलं की काय काय तपासायचं

हा भाग ऐकल्यावर बऱ्याच जणांनी कळवलं की तपासणीचा क्रम लिहून मिळाला तर बरं होईल. म्हणून हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळलंय, थोडं सावरलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे संगणकांना बरोबर वेळ देणारं जीपीएस घड्याळ. पण सुरुवात करतो दुधाच्या टँकरपासून.

काय झालं होतं

शिरूर तालुक्यात एक दूध शीतकरण केंद्र आहे आणि दौंडला त्यांचा प्लांट. नाव सांगत नाही, गरजही नाही. सकाळी शिरूरहून टँकर भरून, सील लावून निघतो. न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंडला पोचतो. तिथे रिकामा होऊन परत येतो. निघण्याची वेळ शिरूरच्या गेटवरचा संगणक छापतो, पोचण्याची वेळ दौंडच्या गेटवरचा.

मला बोलावलं होतं सप्टेंबरच्या शेवटी, तेही वेगळ्याच कामासाठी. प्रिंटर चालत नव्हता. तिथे ऑफिसात वाद चालला होता. टँकरवरचे ड्रायव्हर, वय पंचावन्नच्या पुढे, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते उभे होते आणि मॅनेजर साहेबांच्या हातात तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या होत्या.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. जूनमध्ये हाच टँकर एक तास तेहेतीस मिनिटांत दौंडला पोचायचा. जुलैच्या मध्याला एक छत्तीस. ऑगस्टच्या मध्याला एक चाळीस. आता एक चव्वेचाळीस. रस्ता तोच, गाडी तीच. मग हा माणूस वाटेत थांबतो कुठे? आणि दुधाच्या धंद्यात टँकर वाटेत थांबतो याचा अर्थ काय घेतात, ते मी सांगायला नको.

मामा एवढंच म्हणत होते, "साहेब, सील शाबूत आहे, फॅट-एसएनएफ बरोबर लागतंय, मी कुठंच थांबत नाही." पण कागद कागद असतो. दोन आठवड्यांचा भत्ता आधीच कापला होता, आणि पुढच्या महिन्यापासून गाडीवर दुसरा माणूस घ्यायचं ठरत होतं.

मी चिठ्ठ्या मागून घेतल्या. एक गोष्ट खटकली. माणूस वाटेत थांबत असेल तर आज पाच मिनिटं, उद्या वीस, परवा शून्य असं दिसेल. इथे वेळ रोज सहा-सात सेकंदांनी, अगदी सरळ रेषेत वाढत होती. इतकी शिस्त माणसात नसते, ती क्वार्ट्झच्या स्फटिकात असते.

मग विचारलं, "परतीच्या चिठ्ठ्या आहेत का?" कुणी बघितल्याच नव्हत्या, रिकाम्या टँकरचं कोण बघतो! काढल्या. जाताना एक तास चव्वेचाळीस मिनिटं लागणारा टँकर येताना एक तास सोळा मिनिटांत येत होता. आणि जूनपासून येतानाची वेळ तितकीच कमी कमी होत गेली होती.

म्हणजे मामा जाताना थांबत होते आणि येताना उडत होते? नाही. दोन गेटांवरची दोन घड्याळं जुळत नव्हती.

टँकर आणि एनटीपी

आता गंमत बघा. संगणक एकमेकांशी वेळ जुळवतात ती पद्धत, म्हणजे एनटीपी, नेमकं हेच करते. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी ती बांधली. १९८५ पासून ती वापरात आहे. आपला संगणक एक निरोप पाठवतो आणि निघाल्याची वेळ नोंदवतो. समोरचा संगणक पोचल्याची वेळ आणि उत्तर निघाल्याची वेळ नोंदवतो. उत्तर परत आलं की आपण चौथी वेळ नोंदवतो. जायला लागलेला वेळ आणि यायला लागलेला वेळ यांतला फरक काढायचा आणि निम्मा करायचा, की दोन घड्याळांतलं अंतर मिळतं.

आपला हिशोब करू. जाताना १०४ मिनिटं, येताना ७६. फरक २८, निम्मे १४. म्हणजे शिरूरचं घड्याळ दौंडच्या मानाने साधारण चौदा मिनिटं मागे. प्रिंटर बाजूला ठेवला आणि हे कागदावर मांडून दाखवलं.

पण इथे एक पाचर आहे, आणि ती एनटीपीतही आहे. हा हिशोब धरून चालतो की जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. भरलेला टँकर सावकाश जातो, रिकामा जरा पळतो. त्यामुळे चौदा हा अंदाज होता. नंतर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा शिरूरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे निघालं. उरलेली तीन मिनिटं भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या फरकाची. इंटरनेटवर वेळ जुळवताना हेच होतं: जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असला की त्या फरकाच्या निम्मी चूक वेळेत शिरते, आणि एनटीपीला ती कळायचा मार्ग नसतो.

ही चूक टाळायची म्हणूनच लोक जीपीएस घड्याळ लावतात. आणि शिरूरच्या केंद्रात ते लावलेलं होतं! दौंडचे संगणक साधे इंटरनेटवरून वेळ घेत होते, ते बरोबर होते. शिरूरला खास पेटी होती, ती चुकली होती.

जीपीएस घड्याळ म्हणजे काय

थोडक्यात सांगतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळं असतात. डोक्यावरच्या उपग्रहाकडून संकेत आपल्यापर्यंत यायला सुमारे ६७ मिलिसेकंद लागतात. आपली जागा काढायला तीन आकडे लागतात, आणि रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ किती चुकलंय हा चौथा. म्हणून किमान चार उपग्रह दिसावे लागतात. नकाशासाठी आपण पहिले तीन आकडे वापरतो. घड्याळवाल्याला हवा असतो चौथा.

रिसीव्हर दोन गोष्टी देतो. एक, दर सेकंदाला एक विजेचा ठोका. याला पीपीएस म्हणतात. दोन, सिरियल तारेवरून एक ओळ: आत्ता अमुक तारीख, अमुक वाजले. रेडिओवर बातम्यांआधी पिप पिप वाजायचं आणि मग निवेदक वेळ सांगायचा, तसंच. नेमकेपणा ठोक्यात असतो, पण ठोका किती वाजताचा ते ओळ सांगते. ओळ पाव-अर्धा सेकंद उशिरा आली तरी चालते. ठोका उशिरा आला तर चालत नाही.

वरून खाली तपासत या

आता तपासणी. माझा नियम असा: आभाळापासून सुरू करायचं आणि संगणकापर्यंत खाली यायचं. बहुतेक जण उलटं करतात, सेटिंग बदलत बसतात, आणि संध्याकाळी कळतं की अँटेनाच निखळली होती.

*पहिलं, आभाळ.* अँटेनाला आभाळ मोकळं दिसतंय का? पत्र्याच्या शेडखाली जीपीएस चालत नाही. खिडकीतून अर्धंच आभाळ दिसतं, तेव्हा कधी चार उपग्रह मिळतात, कधी तीन. दिवसातून ठरावीक वेळी घड्याळ हरवतं आणि परत येतं. इथे अँटेना गच्चीवर होती, पाण्याच्या टाकीपासून लांब. ठीक.

*दुसरं, केबल आणि तिचे जोड.* गच्चीवरच्या अँटेनात एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच केबलमधून वर जाते, साधारण ३ ते ५ व्होल्ट. मी मल्टिमीटर लावला. पेटीपाशी पाच व्होल्ट, अँटेनापाशी सव्वा. जोड उघडला तर आत हिरवट गंज, आणि चक्क पाण्याचा थेंब. जोडावर साधी काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळली होती. उन्हाळ्यात तिचा डिंक सुकला, जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत गेलं. दुखणं इथे होतं.

जाता जाता दोन गोष्टी: जोडाला स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप लावा, ती पाणी धरत नाही. आणि जोडाच्या आधी केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशातून गळून जातं.

*तिसरं, रिसीव्हर काय म्हणतोय?* आता मुख्य प्रश्न. उपग्रह दिसत नव्हते, तर पेटी गप्प का बसली नाही? रिसीव्हरच्या त्या ओळीत एक अक्षर असतं. 'ए' असेल तर वेळ खात्रीची, 'व्ही' असेल तर खात्री नाही. उपग्रह गेले तरी बरेच रिसीव्हर आतल्या स्फटिकाच्या भरवशावर वेळ सांगत राहतात, फक्त ते अक्षर बदलतात. चांगलं सॉफ्टवेअर 'व्ही' दिसलं की ती वेळ टाकून देतं. या पेटीने ते अक्षर वाचलंच नाही. हिरवा दिवा दर सेकंदाला लुकलुकत होता, आणि जाळ्यातल्या सगळ्या संगणकांना ती सांगत होती की मी पहिल्या दर्जाचं घड्याळ आहे.

आत होता स्वस्तातला स्फटिक, दिवसाला साडेसहा सेकंद मागे पडणारा. म्हणजे दहा लाखात पंच्याहत्तर भाग. ऐकायला काहीच नाही. पण जूनच्या मध्यापासून शंभर दिवस मोजा: साडेसहाशे सेकंद, अकरा मिनिटं.

कुणाच्याच लक्षात आलं नाही का? आलं होतं. गेटवरच्या मुलाने ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की चिठ्ठीवरची वेळ मोबाईलशी जुळत नाही. त्याला उत्तर मिळालं, "ते जीपीएसचं आहे, ते चुकत नाही. तुझा मोबाईल बघ."

*चौथं, तारीख.* केबल बदलली. दोन-तीन मिनिटांत उपग्रह दिसायला लागले, चार, सात, नऊ. पण लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. जीपीएसची स्वतःची वेळ आपल्या जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे; १ जानेवारी २०१७ पासून हा फरक तेवढाच आहे. हा आकडा उपग्रह पाठवतात, पण त्यांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोपर्यंत जुना रिसीव्हर त्याच्या पोटातला जुना आकडा वापरू शकतो आणि एक-दोन सेकंद चुकू शकतो. म्हणून गार पडलेला रिसीव्हर सुरू केला की पंधरा मिनिटं चहा प्या.

तारखेचा दुसरा रोग मोठा आहे. जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या पद्धतीत ते १०२४ पर्यंतच मोजता येतात. मग पुन्हा शून्य. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, एप्रिल २०१९ मध्ये झालं, पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. जुन्या रिसीव्हरची तारीख एकदम १९ वर्षं आणि साडेसात महिने मागे गेली तर घाबरू नका, हाच रोग. सॉफ्टवेअरमध्येही होतो. जीपीएसडी नावाचा प्रोग्राम खूप ठिकाणी वापरतात; त्याच्या काही आवृत्त्यांत अशी चूक होती की २४ ऑक्टोबर २०२१ ला तारीख थेट मार्च २००२ मध्ये जायची. वेळीच लक्षात आलं आणि नवी आवृत्ती निघाली.

*पाचवं, ठोका.* ती पेटी मी ठेवली नाही. तिथे रास्पबेरी पाय आणि साधा जीपीएस मॉड्यूल लावला. सगळं नीट दिसत होतं, पण वेळ बरोब्बर एक दशांश सेकंद चुकत होती. इतका गोल आकडा दिसला की ठोक्याकडे बघायचं. ठोका वर जातो, शंभर मिलिसेकंद राहतो आणि खाली येतो. सेकंद सुरू होतो तो वर जाताना. आमचा संगणक खाली येताना मोजत होता. सेटिंगमध्ये एक शब्द बदलला, गेलं.

*सहावं, आणि शेवटी, सॉफ्टवेअर.* लिनक्सवर क्रोनी असेल तर तिला स्रोतांची यादी विचारायची. ज्या ओळीपुढे तारा असेल तो निवडलेला स्रोत. जिथे 'एक्स' म्हणजे फुली असेल तो तिने खोटा ठरवलेला. प्रश्नचिन्ह असेल तर त्याचं काही ठरलेलं नाही, किंवा तो सापडतच नाही. शेजारी ३७७ आकडा असेल तर शेवटच्या आठही वेळा उत्तर आलंय. अठ्ठ्याण्णव नाही, शंभर नाही, ३७७; कारण तो अष्टमान पद्धतीत लिहिलेला आकडा आहे, बाकी काही गूढ नाही.

एक सावधगिरी. अकरा मिनिटं मागे असलेलं घड्याळ दुरुस्त करायचं तर ते उडी मारणार. दूध घेणं चालू असताना ते करू नका, नोंदींत भोक पडतं. आम्ही सकाळचं संकलन संपल्यावर, दुपारी, सगळे संगणक थांबवून केलं आणि वहीत लिहिलं: अमुक तारखेला, अमुक वाजता, घड्याळ अकरा मिनिटं पुढे घेतलं.

एक घड्याळ पुरत नाही

खरी चूक गंजलेल्या जोडाची नव्हती. पाऊस पडणार, जोड गंजणार. चूक ही होती की शिरूरच्या सगळ्या संगणकांना एकच घड्याळ सांगितलेलं होतं. एकच घड्याळ असेल तर ते चुकलंय हे कळायला काही साधनच उरत नाही. दोन असली तर भांडण होतं, पण कोण खरं ते कळत नाही. तीन असली तर दोघं मिळून एकाला खोटं ठरवतात. आणि एखादं बंद पडलं तरी तीन उरावीत म्हणून एनटीपीवाले निदान चार सांगतात.

आणि ही चार एकाच जातीची नकोत. आपल्या नाविकचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहात रुबिडियमची तीन घड्याळं होती, तिन्ही एकाच बनावटीची, बाहेरून घेतलेली. एक बिघडलं तर दुसरं, म्हणून तीन. पण पुढे तिन्ही बंद पडली. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपण भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ पाठवलं. आभाळातल्या घड्याळांची ही कथा, तर गच्चीवरच्या पेटीचं काय घेऊन बसलात.

मग आम्ही काय केलं? शिरूरला गच्चीवरचं जीपीएस ठेवलं. जोडीला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ सर्व्हर घेतला. भारताची प्रमाणवेळ तीच संस्था सांभाळते. एनआयसीचा एक सर्व्हर घेतला. एप्रिल २०२२ मधल्या सर्ट-इनच्या आदेशातही याच दोन ठिकाणांशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या घड्याळांशी, वेळ जुळवायला सांगितलंय. आणि चौथं म्हणून दौंडच्या प्लांटमधला संगणक. आता जीपीएस चुकलं तर त्याच्यापुढे फुली येते. इंटरनेट गेलं तर जीपीएस सांभाळून घेतं.

कुणी म्हणेल, दुधाच्या केंद्राला एवढं कशाला? शिरूरच्या शेजारीच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिथे पल्सार नावाच्या ताऱ्यांचे ठोके मोजतात, आणि जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या गुरुत्वीय लहरींच्या संशोधनात तिथल्या नोंदी होत्या. त्यांना सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही बारीक वेळ लागते, आपल्याला मिनिट चाललं असतं. पण सवय एकच: घड्याळ काय सांगतंय ते लिहा आणि दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघा. मगच त्यावरून ताऱ्याबद्दल काही बोला, किंवा माणसाबद्दल.

मामांचं काय झालं

कापलेला भत्ता परत मिळाला. साहेबांनी चिठ्ठ्यांच्या फाईलला एक कागद जोडला: या काळातल्या शिरूरच्या वेळा चुकीच्या आहेत, त्यांवरून कुणाला जबाबदार धरू नये. तो कागद मी मुद्दाम मागितला होता. कारण घड्याळ दुरुस्त झालं तरी जुन्या चिठ्ठ्या तशाच राहतात, आणि दोन वर्षांनी कुणीतरी नवा माणूस त्या उघडतो.

निघताना मामा गेटवर भेटले. म्हणाले, "दादा, ते येतानाच्या चिठ्ठ्यांचं तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "मामा, संगणक रोज तेच करतात." ते म्हणाले, "मग त्या संगणकाला का नाही सुचलं?"

प्रश्न बरोबर आहे. त्याला सुचलं नाही, कारण त्याने दुसऱ्या कुणाला विचारावं अशी सोयच आपण ठेवली नव्हती.

तर मंडळी, आज एवढं करा. तुमच्या दुकानात, कारखान्यात, शाळेत हजेरीचं यंत्र असेल, सीसीटीव्ही असेल, वजनकाटा असेल, त्याची वेळ मोबाईलशी ताडून बघा आणि किती फरक आहे ते तारखेसह वहीत लिहा. पुढच्या सोमवारी पुन्हा बघा. फरक तोच राहिला तर कुणीतरी घड्याळ चुकीचं लावलंय. फरक वाढत असेल तर ते घड्याळ कुणाचंच ऐकत नाहीये. आणि कुणी तुम्हाला सांगितलं की वेळ जुळत नाही, तर आधी त्याचा मोबाईल नको, आपली गच्ची बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.